विश्लेषण : गाणे पोहोचले, साडीही पोहोचली, पुस्तक कुठे अडकले?

वर्ष सरत आले की मोबाइलवर आवडींच्या याद्या फिरू लागतात. कुणी वर्षभरात सर्वाधिक ऐकलेल्या पाच गाण्यांचे चित्र स्टेटसला ठेवतो, कुणी यंदाच्या लग्नसराईतली साडी, कुणी वाचलेल्या पुस्तकांचा गठ्ठा. ‘सध्या काय ऐकता, काय घालता, काय वाचता?’ या प्रश्नाच्या पहिल्या दोन भागांना भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावातही पटकन उत्तर मिळते. तिसऱ्या भागाशी मात्र उत्तर अडखळते. याचा दोष सहसा वाचकाला दिला जातो. पण गाणे, कपडा आणि पुस्तक या तिन्ही गोष्टी गावात कोणत्या वाटेने येतात हे पाहिले, तर वेगळेच कारण समोर येते.

आवड ही खासगी बाब. तिचे विश्लेषण कशासाठी?

आवड खासगी असली तरी ती जे समोर येते त्यातूनच घडते. जे गाणे कानावर पडलेच नाही ते आवडते होऊ शकत नाही. जे पुस्तक हाती आलेच नाही, त्याच्याविषयी मत बनत नाही. म्हणून एखाद्या गावाची आवड समजून घ्यायची तर तीन साध्या गोष्टी तपासाव्या लागतात. वस्तू तिथवर पोहोचते का? ती फुकटात किंवा थोड्या पैशांत अजमावून पाहता येते का? आणि ती आवडली, हे बनवणाऱ्याला कळते का?

गेल्या दहा वर्षांत गाणी आणि कपड्यांच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘हो’ झाली. पुस्तकाच्या बाबतीत ती अजूनही बऱ्याच अंशी ‘नाही’ अशीच आहेत.

पूर्वी आवड कशी मोजली जायची?

पोस्टकार्डाने. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ कार्यक्रमासाठी श्रोते पत्र लिहून गाण्याची फर्माईश करत आणि निवेदक गाण्याआधी त्यांची व गावाची नावे वाचून दाखवत. हिंदीत १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गाजलेल्या ‘बिनाका गीतमाला’चा काळही असाच होता. आजच्या झारखंडमधील झुमरी तलैया हे छोटे गाव तर केवळ फर्माईशीच्या पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले.

त्या पद्धतीत दोन मर्यादा होत्या. पत्र लिहिण्याची तसदी घेणाराच मोजला जाई, आणि निवड शेवटी केंद्रावरच्या माणसाच्या हाती असे. पण एक गुणही होता. कार्ड विकत घेऊन, पत्ता लिहून, पेटीत टाकण्याइतकी ती आवड खरी असे.

मोबाइल आवड कशी मोजतो?

मोबाइल तुमच्याकडे पत्र मागत नाही, तुमची कृती टिपतो. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद वाजले की ते ‘ऐकले’ म्हणून धरले जाते. त्याआधी पुढे ढकलले तर ती नापसंतीची खूण ठरू शकते. पुन्हा लावले, जपून ठेवले, मित्राला पाठवले, तर पसंतीची. त्यानंतर यंत्रणा तुमच्यासारखेच ऐकणारे इतर लोक शोधते आणि त्यांना आवडलेली, पण तुम्ही न ऐकलेली गाणी पुढे करते. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामचेही मूळ तत्त्व हेच आहे. तिथे व्हिडीओ किती वेळ पाहिला, याला मोठे महत्त्व असते.

वर्षअखेरीस येणारी यादी याच नोंदींतून तयार होते. ती तुम्हाला काय मनापासून आवडते ते सांगत नाही, तुमच्या फोनवर काय वाजले ते सांगते. अनेक घरांत एकच चांगला फोन चार जणांत फिरतो. सकाळी आजीचा हरिपाठ, दुपारी लेकराचे बडबडगीत, संध्याकाळी तरुण मुलाचे डीजेचे गाणे. यंत्राच्या लेखी हा सारा एकाच माणसाचा शौक असतो. त्यामुळे ‘माझी यादी’ प्रत्यक्षात घराची यादी असण्याची शक्यता बरीच असते.

तरीही या मोजणीने एक मोठा बदल केला. भोकरदनमधल्या श्रोत्याचे एक ऐकणे आणि पुण्यातल्या श्रोत्याचे एक ऐकणे, दोन्ही नोंदवहीत एकच भरते.

या मोजणीने मराठी गाण्याचे काय झाले?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले आणि डेटा स्वस्त झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा नाचायला किंवा मिरवायला वापरायचा, ही सवय तोवर पक्की झाली होती. तिला नवे घर मिळाले.

याच वाटेने जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि महाराष्ट्राबाहेरही वाजले. त्याचे संगीत त्यांचे बंधू जी-स्पार्क यांचे आहे. पूर्वी अशा कलाकाराला मुंबईच्या कॅसेट कंपनीने निवडावे लागे. कंपनीकडून कॅसेट जिल्ह्याच्या घाऊक विक्रेत्याकडे, तिथून तालुक्याच्या दुकानात आणि मग बॅण्डवाल्याकडे किंवा टेपवर येई. आता गाणे थेट श्रोत्याकडे जाते. कंपन्या अनेकदा नंतर दार ठोठावतात. जळगाव ते जालना या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या पट्ट्यातून जाणार आहे. म्हणजे जळगावचे गाणे भोकरदनला रेल्वेच्या मंजुरीआधीच येऊन पोहोचले होते.

२०२४ मध्येच क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे गाणे स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्समधील नृत्यसंगीताच्या कंपनीने प्रसिद्ध केले. मराठी शब्द आणि परदेशी नाचाचा ठेका हा मेळ ऐकणारे लोक आहेत, हे आकड्यांतून दिसत असल्यामुळेच अशी दारे उघडतात.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. तुकडा गाजण्यावर सारे अवलंबून असल्याने गाण्याची पहिली ओळ आणि ठेका यांवरच सगळी मेहनत होते; अंतरा दुबळा राहतो. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की, आधीच्या १२ महिन्यांत किमान एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळणार नाही. गावातल्या शाहिराने किंवा भजनी मंडळाने चढवलेले गाणे जगाला उपलब्ध असते, पण हजाराचा उंबरठा ओलांडेपर्यंत त्याच्या कमाईचा हिशेब शून्यच राहतो.

गाण्यातली साडी अंगावर कशी येते?

अलीकडे गाजलेल्या गाण्यांची नावेच पाहा. ‘नऊवारी पाहिजे’, ‘गुलाबी साडी’, ‘काळी बिंदी’ आणि अहिराणीतले ‘हाई झुमका वाली पोर’. गाण्याच्या नावातच कपडा किंवा दागिना आहे. गाणे वाजले की त्यावर रील करायची, आणि रील करायची तर तो पेहराव हवा. संगीत आणि फॅशन या दोन वेगळ्या आवडी राहिल्या नसून एकीने दुसरीचे गिऱ्हाईक तयार केले आहे.

हा पेहराव गावात आणण्याचे काम ऑनलाइन बाजाराने केले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोसारख्या कंपनीने मोठ्या शहरांऐवजी लहान गावांतील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवला. २०२१ पासून तिने विक्रेत्यांकडून कमिशन न घेण्याचे धोरण स्वीकारले, त्यामुळे सुरतसारख्या केंद्रातला छोटा व्यापारीही थेट विकू लागला. ग्राहकाच्या बाजूने तीन गोष्टी निर्णायक ठरल्या. पार्सल हाती आल्यावर रोख पैसे देण्याची सोय, न आवडल्यास परत करण्याची मुभा, आणि फोटो पाहून निवड. इंग्रजी वाचता येणे किंवा कार्ड असणे, यापैकी कशाचीच गरज उरली नाही.

करानेही हातभार लावला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के जीएसटी आहे. पूर्वी ही सवलत हजार रुपयांपर्यंतच्याच कपड्यांना होती. शिवलेली नऊवारी, मुलींचे परकर-पोलके, पुरुषांचे कुर्ते यांतला मोठा भाग या मर्यादेत बसतो.

अर्थात दुकान संपलेले नाही. लग्नाचा बस्ता अजूनही दुकानातच फाडला जातो. दहा-पंधरा माणसांनी गादीवर बसून, पोत हाताने चाचपून, मानपानाच्या साड्यांचा हिशेब करून घेण्याची ती गोष्ट आहे. शिवाय ओळखीचा दुकानदार हंगाम निघेपर्यंत उधारी ठेवतो, अॅप ठेवत नाही. रोजची हौस मोबाइलवर आणि नात्यातला खर्च दुकानात, अशी ही वाटणी आहे.

बाहेरून येणारी हौस भोकरदनला नवी आहे का?

मुळीच नाही. केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे सातवाहन काळातले भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवरच्या दानलेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख येतो. १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे केलेल्या उत्खननात मौल्यवान खड्यांचे मणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंती वस्तू सापडल्या. शंख समुद्राचा आणि भोकरदन समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथल्या बायकांच्या हातातली बांगडी लांबच्या व्यापारी वाटेने येणाऱ्या मालातून घडत होती.

येथे सापडलेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या मूर्तीशी जवळचे साम्य आहे. पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांची असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल तर या गावाने हौस केवळ आयात केली नाही, निर्यातही केली. आजच्या परिस्थितीशी तुलना करायची तर ती या मुद्द्यावर करायला हवी. व्यापारी वाट दुहेरी असते तेव्हा गावाचे नाव होते. एकेरी असते तेव्हा गाव फक्त गिऱ्हाईक राहते.

कापूस इथला, मग कापड कुठले?

भोकरदन तालुका कापूस, मका आणि सोयाबीनचा. जालन्यात २०१८ मध्ये राज्यातील पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली. म्हणजे कापूस आणि रेशीम या दोन्ही नामांकित धाग्यांचा कच्चा माल या जिल्ह्यात आहे. पण कापूस जिनिंगमध्ये जाऊन गाठी होतात आणि गाठी बाहेर जातात. परत येते ती बहुतेकदा जॉर्जेट, शिफॉन किंवा ‘आर्ट सिल्क’ नावाची साडी. स्वस्त मालात यातले बरेचसे कापड पॉलिस्टरचे असते आणि त्याचे देशातले मोठे केंद्र सुरत आहे.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ करण्यात आले आणि ऐन वेचणीच्या काळात बाहेरच्या कापसाला दार उघडले. भावाच्या या चर्चेत एक बाजू सुटून जाते. कापूस पिकवणाऱ्या घरातली रोजची साडीही आता सुती राहिलेली नाही. आवड बदलली की त्याचा परिणाम शेवटी मागणीवर आणि भावावर होतोच.

पैठणीचेही असेच आहे. रीलमध्ये दिसणारी आणि हजार-दोन हजारांत मिळणारी ‘सेमी पैठणी’ यंत्रमागावरची असते. हातमागावरची पैठणी विणायला काही आठवडे ते काही महिने लागतात, त्यामुळे ती त्या किमतीत मिळणे शक्यच नाही. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पदर उलटा करून पाहणे. अस्सल पैठणीची नक्षी उलट बाजूनेही जवळपास तशीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे किंवा जाळी असते. सेमी घेण्यात गैर काही नाही. मात्र ती अस्सलच्या नावाने विकली जाणे ही फसवणूक आहे, आणि तिचा फटका पैठण-येवल्याच्या विणकराला बसतो.

मग पुस्तकच का अडकते?

गाण्याला आणि साडीला ज्या सोयी मिळाल्या, त्या एकेक करून पुस्तकाला लावून पाहू.

पहिली सोय अजमावण्याची. गाणे ३० सेकंद ऐकून सोडता येते, साडी परत करता येते. पुस्तक चाळायला दुकान लागते. तालुक्याच्या गावातील ‘बुक डेपो’ मुख्यतः पाठ्यपुस्तके, गाइड, वह्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर चालतो. कथा-कादंबरी, चरित्र, कविता ठेवायची तर पैसा अडकतो, आणि न खपलेली प्रत प्रकाशक परत घेईलच याची खात्री नसते. त्यामुळे दुकानदार ठेवत नाही. वाचकाला दिसत नाही म्हणून तो मागत नाही, आणि कुणी मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही.

दुसरी सोय वाहतुकीची. टपाल खात्याची छापील पुस्तकांसाठीची सवलतीची नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. छोटे प्रकाशक आणि नियतकालिके तिच्यावर अवलंबून होती. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा सुरू झाली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये असे तिचे दर ठरले, कर वेगळा. पार्सल रस्ते-रेल्वेने जाते आणि त्याचा माग काढता येतो. सोय चांगली आहे, पण ती आहे हेच अनेकांना ठाऊक नाही. साडी विकणारी कंपनी लाखो पार्सलांच्या जोरावर वाहतुकीचा दर पाडून घेते आणि तो खर्च ग्राहकाला वेगळा दिसू देत नाही. दोनशे रुपयांच्या पुस्तकाला पन्नास-साठ रुपये कुरिअर लागला की तो ठळक दिसतो.

तिसरी बाब कराची. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत छपाईच्या कागदावरचा कर १२ वरून १८ टक्के झाला. वह्यांसाठीचा कागद करमुक्त झाला, पुस्तकांसाठीचा नाही. इतर वस्तूंचा उत्पादक कच्च्या मालावर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करून घेतो. पुस्तक करमुक्त असल्याने प्रकाशकाला ती वजावट मिळत नाही. म्हणजे करमुक्त पुस्तकाच्या किमतीत कागदाचा कर लपून बसतो. कपड्यावरचा कर कमी झाला त्याच दिवशी पुस्तकाच्या कागदावरचा वाढला.

चौथी बाब मोजणीची. मराठीतल्या साध्या पुस्तकाची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची असते आणि ती कुठे, कुणी घेतली याची नोंद प्रकाशकाकडे क्वचितच असते. भोकरदनला किती वाचक आहेत, त्यांना काय हवे आहे, हे गाणे बनवणाऱ्याला कळते. पुस्तक छापणाऱ्याला कळत नाही.

म्हणजे लोक वाचतच नाहीत का?

लोक वाचतात, पण त्यातले बरेचसे वाचन पुस्तकांच्या हिशेबात येत नाही. तालुक्याच्या गावांत अभ्यासिका भरलेल्या दिसतात. तिथे दिवसाचे आठ-दहा तास वाचन चालते, पोलीस भरतीचे, तलाठ्याचे, एमपीएससीचे. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. त्यामुळे पर्याय पाठ करण्याइतकेच सलग लिहिता येणे, आणि त्यासाठी चांगले गद्य वाचलेले असणे, आता थेट गुणांशी जोडले गेले आहे.

मोबाइलवरही वाचन आहेच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या अॅपवर मराठी कथामालिका भागाभागाने वाचल्या जातात. स्वयंपाक किंवा प्रवास करताना बोलकी पुस्तके ऐकणारा वर्गही आहे. अॅमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तके मिळतात. आणि सर्वांत मोठी, पण चोरटी वाट म्हणजे व्हॉट्सअॅप-टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ. पुस्तकाची भूक आहे याचाच तो पुरावा आहे. मात्र त्यातून लेखकाला मानधन मिळत नाही आणि वाचकाची नोंदही होत नाही. ज्या लेखकाचे पुस्तक शेकडो मोबाइलवर आहे, त्याची दुसरी आवृत्ती निघत नाही असे घडते ते यामुळेच.

पडद्याने हात दिला तर पुस्तकही धावते. शिवाजी सावंत यांची ‘छावा’ कादंबरी १९७९ ची. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावर आधारित हिंदी चित्रपट आला आणि ४६ वर्षांपूर्वीचे पुस्तक पुन्हा तरुणांच्या बोलण्यात आले. वाचकाला जाड पुस्तकाचे वावडे आहे, ही समजूत अशा वेळी टिकत नाही. हवी ती वस्तू समोर आली तर तो सहाशे-सातशे पानांनाही घाबरत नाही.

या तफावतीने बिघडते काय?

जे मोजले जाते तेच पुन्हा बनवले जाते. खानदेशी, अहिराणी, मराठवाडी बोलीतील गाणी ऐकली जातात हे आकड्यांतून दिसले म्हणून ती अधिक निघू लागली. पुस्तकांच्या बाबतीत हा निरोपच वर जात नाही. त्यामुळे कोणते पुस्तक काढायचे हे पुणे-मुंबईतल्या विक्रीवर ठरते आणि तालुक्यातल्या वाचकाच्या वाट्याला जे येते ते दुसऱ्याच्या आवडीचे असते.

वास्तविक हा पट्टा साहित्याला नवखा नाही. अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेड हे ना. धों. महानोर यांचे गाव. ‘रानातल्या कविता’ हा त्यांचा संग्रह १९६७ चा, आणि ‘जैत रे जैत’ या १९७७ च्या चित्रपटातील त्यांची गाणी आजही घराघरांत वाजतात. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले. त्यांची गाणी ऐकायला आज भोकरदनच्या तरुणाला काही सेकंद लागतात. त्यांचा कवितासंग्रह हातात घ्यायचा तर त्याला जालना किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते, नाहीतर ऑनलाइन मागवून वाट पाहावी लागते. एकाच कवीच्या शब्दांना दोन वेगळ्या वाटा मिळाल्या, आणि त्यातली एकच वाट गावापर्यंत आली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद रास्तच आहे. पण अभिजात भाषेचे पुस्तक तालुक्याच्या गावात विकत किंवा वाचायला मिळते का, ही त्या दर्जाची खरी कसोटी ठरेल.

सरकार आणि प्रकाशक काय करू शकतात?

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. म्हणजे गावोगावी पुस्तके पोहोचवणारी यंत्रणा आधीपासून आहे. अडचण तिच्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. पुस्तकांची संख्या भरण्याकडे लक्ष राहते; कोणते पुस्तक किती वेळा घरी गेले, याकडे कमी. देवघेवीची ही नोंद साध्या मोबाइल अॅपवर ठेवून प्रकाशकांना खुली केली, तर गाण्याला मिळालेली मोजणी पुस्तकालाही मिळेल.

२०१७ मध्ये भिलारला ‘पुस्तकांचं गाव’ उभे राहिले. पुढे मराठवाड्यात वेरूळचीही निवड झाली. पर्यटकांच्या गावात हे ठीक आहे. पण गर्दी तर बाजाराच्या गावातही असते. भोकरदन तालुक्यातील राजूरला चतुर्थीला गणपतीच्या दर्शनासाठी मोठी रीघ लागते. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा पुस्तकांची गाडी उभी राहिली, तर दुकान काढण्याच्या खर्चाशिवाय पुस्तक लोकांना चाळायला मिळेल. कागदावरचा कर हा केंद्र आणि जीएसटी परिषदेचा विषय आहे. पुस्तकांच्या कागदालाही वह्यांच्या कागदाप्रमाणे सूट मिळावी, ही मागणी राज्याने परिषदेत मांडता येण्याजोगी आहे.

वाचकाच्या हातात काय आहे?

काही गोष्टी आजच करता येतात.

एक, पुस्तके एकट्याने न मागवता गटाने मागवा. ३०० ग्रॅमच्या एका पुस्तकाला ज्ञान पोस्टने २० रुपये लागतात. पाच किलोच्या पुडक्यात अशी पंधरा-सोळा पुस्तके बसतात आणि दर १०० रुपये. म्हणजे कर सोडून एका पुस्तकामागे साधारण साडेसहा रुपये. भिशी किंवा बचत गटासारखा दहा जणांचा गट यासाठी पुरेसा आहे. मागणी नोंदवताना प्रकाशकाला ‘ज्ञान पोस्टने पाठवा’ असे सांगावे लागेल.

दोन, गावातल्या ग्रंथालयाचे सभासद व्हा आणि हव्या असलेल्या पुस्तकांची लेखी मागणी नोंदवा. अनुदानातून पुस्तके दरवर्षी घेतली जातात. ती कोणती घ्यायची यावर सभासदाने बोलले नाही तर यादी दुसरेच कुणी ठरवते.

तीन, फोनवरची आवड स्वतःच्या ताब्यात ठेवा. यूट्यूबवर ‘रस नाही’ हा पर्याय वापरता येतो, पाहिल्याची नोंद थांबवता किंवा पुसता येते. घरातल्या प्रत्येकाचे वेगळे खाते किंवा मुलांसाठी वेगळे अॅप ठेवले, तर आजीच्या हरिपाठामागून डीजे लागत नाही.

चार, आवडलेल्या पुस्तकाचे नाव स्टेटसवर टाका, पीडीएफ नको. गाणे गाजते ते एकाने दुसऱ्याला सांगितल्याने. पुस्तकालाही तेवढेच लागते, फक्त ते विकत किंवा ग्रंथालयातून घेतले गेले तर त्याची मोजणी होते.

पुढे काय?

ऑनलाइन बाजाराने पाच-सात वर्षांत साडीची वाट तयार केली, कारण तिथे नफा दिसला. पुस्तकाच्या वाटेत तेवढा नफा नाही. ती ग्रंथालये, टपाल खाते, प्रकाशक आणि वाचक यांनी मिळूनच तयार करावी लागेल. तिचे बरेचसे तुकडे आज उपलब्ध आहेत. कायदा आहे, सवलतीचे टपाल आहे, अभ्यासिकांत बसणारा वाचक आहे. ते एकमेकांना जोडले गेले, तर ‘सध्या काय वाचता?’ या प्रश्नाचे उत्तरही गाण्याइतक्याच पटकन येईल.